घड्याळ सुरू होण्याआधी

माझं आजोळ जबलपूरचं. तिथे गेले की एक संध्याकाळ मदनमहालच्या टेकडीवर जाते, हा मामांचा आणि माझा जुना शिरस्ता. किल्ल्याकडे जाणाऱ्या वाटेवर तो प्रसिद्ध 'बॅलन्सिंग रॉक' आहे. एका खडकावर दुसरा अजस्र खडक, आणि दोघांचा एकमेकांना स्पर्श अगदी थोड्याशा जागेत. पाहणाऱ्याला वाटतं, आत्ता घरंगळेल. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूर भूकंपानं हादरलं, घरं कोसळली, माणसं गेली. हा खडक मात्र जागचा हलला नाही.

मामांनी सगळी नोकरी इथल्या व्हेईकल फॅक्टरीत केली आणि सगळे रविवार कॅमेऱ्याबरोबर काढले. सुरुवात आगफाच्या 'क्लिक थ्री'वर, एका रोलमध्ये बारा फोटो. पुढे पेंटॅक्स घेतला. मी पुण्याला असते आणि डाउनहिल सायकल शर्यतीत उतरते. डोंगराच्या माथ्यावरून मुळं, दगड, ओढे, उड्या पार करत कमीत कमी वेळात पायथा गाठायचा, असा हा खेळ. या वेळी मी मामांकडे एक मागणं घेऊन आले होते. ते एका वाक्यात संपेल असं वाटलं होतं. खाली उतरेपर्यंत अंधार पडला. त्या बोलण्यातलं मला आठवतं ते असं :

मी : मामा, फेब्रुवारीतल्या शर्यतीला तुम्ही याच. कॅमेरा घेऊन या. मला फिनिशचे फोटो नकोत, उडीचेही नकोत. गेटवर उभी असतानाचा एक हवाय. सुटायच्या आधीचा.

मामा : उडीचा काढीन. चिखलातून वळतेस, तो काढीन. एवढं एक सांगू नकोस.

मी : का पण?

मामा : तो क्षण तुझा आहे म्हणून. माणूस एखाद्या कठीण गोष्टीपुढे एकटा उभा असतो, तेव्हा बाकीच्यांनी नजर दुसरीकडे वळवावी. ऑपरेशनला आत नेत असताना स्ट्रेचरवरच्या माणसाचा आपण फोटो काढतो का?

मी : स्ट्रेचरवरचा माणूस तिथे हौसेनं गेलेला नसतो. मी वर्षभर पैसे साठवून, सायकल टेम्पोत टाकून, आईची समजूत घालून तिथवर जाते. आणि तुम्हाला वाटतं तशी मी तिथे नुसती घाबरून उभी नसते. काम चालू असतं.

मामा : उभं राहण्याचं कसलं काम?

मी : सांगते. डाउनहिलमध्ये सगळे एकदम सुटत नाहीत. एकेक जण, ठरावीक अंतरानं. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ट्रॅक साधारण दीड ते साडेतीन किलोमीटरचा, आणि उतरायला लागतात दोन ते पाच मिनिटं. एवढ्यात चूक सुधारायला वेळ कुठला? म्हणून आदल्या दिवशी आम्ही अख्खा ट्रॅक पायी उतरतो. कुठे मूळ आडवं आलंय, कुठला दगड सुटा आहे, कुठे सावलीत ओल धरलीय, हे बघून लाइन ठरवतो. लाइन म्हणजे आपलं चाक नेमकं जिथून जाणार ती रेघ. मग प्रॅक्टिस. आणि गेटवर उभं राहिलं की ती रेघ माथ्यापासून पायथ्यापर्यंत मनात एकदा म्हणायची. लहानपणी पाढे म्हणायचो तशी. डावं वळण, ब्रेक सोड, तीन दगड, मधल्याच्या उजवीकडून, वजन मागे, उडी, लगेच उजवं वळण.

मामा : आणि पाढा मधेच चुकला तर?

मी : पुन्हा पहिल्यापासून. तेवढ्यात स्टार्टर 'तीस सेकंद' म्हणतो. मी एकदा छातीला पट्टा बांधून ठोके मोजले होते. सायकल जागची हललेली नव्हती आणि ठोके मात्र चढावर पायडल मारताना असतात तितके. तोंड कोरडं पडतं. जांभया येतात, झोप नसताना. मला वाटायचं हे माझंच होतं. मग रांगेकडे नीट पाहिलं, तर बरीच पोरं जांभया देत होती.

मामा : हे सगळं तुझ्या आत चाललेलं. बाहेर काय दिसतं? तू ते हनुवटी झाकणारं हेल्मेट घालतेस. वर गॉगल, त्याची काच आरशासारखी. तोंड दिसत नाही, डोळे दिसत नाहीत. मी फोटो कशाचा काढू? काचेत उमटलेल्या माझ्याच प्रतिबिंबाचा?

मी : बहुतेक फोटोग्राफर तेच काढतात. गॉगलमधलं आभाळ. पण मामा, चेहरा झाकला की शरीर बोलायला लागतं. माझे हात बघा. दोन्ही ब्रेकवर एकेक तर्जनी, फक्त तर्जनी. बाकीची बोटं मुठीभोवती. ती तर्जनी दाबते, सोडते, दाबते, सोडते. ब्रेक लागतात हे खाली दहा वेळा तपासून झालेलं असतं, तरी बोट ऐकत नाही. पुढचा पाय पायडलवर, घड्याळात दोन वाजता काटा असतो तिथे. मागचा पाय टाच खाली करून. पुढच्या फोर्कला दोनशे मिलीमीटरची लवण असते, छातीचा भार आला की तो खाली बसतो, सोडला की वर येतो. म्हणजे सायकलही माझ्याबरोबर श्वास घेत असते. आणि शेवटच्या पाच सेकंदांत ते बोट थांबतं. आपोआप. मला तिथला फोटो हवाय.

मामा थोडा वेळ माझ्या हातांकडे बघत राहिले. मग खडकाकडे पाहून त्यांनी दुसरी वाट धरली.

मामा : बरं. मला असा फोटो मिळाला असं धर. त्याचा अर्थ कोण ठरवणार? मागच्या दिवाळीला तूच मला दाखवलं होतंस. २०१५ साल, ऑस्ट्रियातलं लिओगांग. अमेरिकेचा तो ॲरन ग्विन गेटमधून सुटला आणि पहिल्याच पायडलांना त्याची चेन तुटली. तसाच चेनशिवाय खाली आला आणि जिंकला. आता त्याचा गेटवरचा फोटो समोर ठेव. आपण काय बघणार? चेन! तसंच २००८ साली इटलीत व्हाल दि सोलेला जागतिक अजिंक्यपदाची शर्यत झाली. ऑस्ट्रेलियाचा सॅम हिल सगळ्यांच्या पुढे असताना पायथ्याजवळच्या वळणावर पडला, तिसरा आला. त्याचा गेटवरचा फोटो पाहिला की आपल्याला त्यात अपशकुन दिसणार. तो अपशकुन तिथे नव्हताच. नंतर जे झालं ते आपण आधीच्या फोटोत कोंबतो. ज्याला काहीच माहीत नव्हतं, त्याच्या तोंडी आपण भविष्य घालतो. हा अन्याय आहे.

मी : मला नेमकं उलटं वाटतं. गेट सोडल्यावरचं सगळं मोजलं जातं. २०११ साली स्वित्झर्लंडमध्ये शांपेरीला भर पावसात इंग्लंडचा डॅनी हार्ट जिंकला. किती फरकानं? ११.६९९ सेकंदांनी. सेकंदाचा हजारावा भागसुद्धा लिहून ठेवलाय. पण आमचं घड्याळ सुरू होतं गेटमधून चाक बाहेर पडल्यावर. त्याच्या आधीचं कुठल्याच कागदावर नसतं. ती तीस सेकंदं कोणी मोजत नाही, निकालात ती धरत नाहीत. आणि तिथे जिंकणारी आणि पडणारी सारखीच दिसते, मामा. सारखंच बोट, सारखाच श्वास. आमच्या अख्ख्या खेळात सगळे सारखे असण्याची ती एकच जागा आहे. ती निकालानं पुसली जाऊ नये म्हणून तर फोटो हवा.

मामा : बोलतेस चांगलं. तुझ्या बाजूनं बोलणारा एक जुना माणूसही मला माहीत आहे. लेसिंग नावाचा जर्मन लेखक. त्यानं १७६६ साली 'लाओकोऑन' हे पुस्तक लिहिलं. चित्रकाराला आणि शिल्पकाराला एकच क्षण मिळतो, तर त्यानं कळसाचा क्षण घेऊ नये, असं त्याचं म्हणणं. कळस दाखवला की बघणाऱ्याच्या कल्पनेला पुढे जायला जागा उरत नाही. त्याच्या थोडं अलीकडे थांबावं, म्हणजे पुढचं बघणारा स्वतः पाहतो.

मी : मग झालंच की! उडीचा फोटो म्हणजे कळस. गेटवरचा फोटो म्हणजे त्याच्या अलीकडचा.

मामा : तो मूर्तीबद्दल बोलतो. मूर्तीला बघणाऱ्याचा त्रास होत नाही. हा खडक बघ. आत्ता पडेल असा दिसतो, पण तो वाट बघत नाहीये. त्याला तोल सांभाळावा लागत नाही, तो आहेच तसा. मी त्याचे दीडशे तरी फोटो काढले असतील, एकदाही संकोच वाटला नाही. तुझं तसं नाही. तू जिवंत आहेस आणि तुला कळतं की कोणीतरी बघतंय.

मग मामा बराच वेळ गप्प झाले. खाली शहरात दिवे लागत होते. पुढचं त्यांनी मला तोवर कधीच सांगितलेलं नव्हतं.

मामा : भेडाघाटला संगमरवराच्या कड्यांवरून पोरं नर्मदेत उड्या मारतात, तू पाहिलंयस. होडीतले प्रवासी पैसे देतात, पोरं उडी मारतात, सगळे उडीचा फोटो काढतात. थांबलेल्या पोराकडे कोणी बघत नाही. मला तो थांबलेला पोरगा हवा होता. तुझ्यासारखाच विचार होता माझा. एका रविवारी होडीतून गेलो. एक पोरगा कड्यावर उभा. बारा-तेरा वर्षांचा असेल. ओली चड्डी, पायाची बोटं कडेवर रोवलेली, हात छातीशी. हवं होतं तेच. आणि नेमका ढग आला. पांढरा दगड राखाडी झाला. मी खालून ओरडलो, 'रुक बेटा, एक मिनट!' तो थांबला.

मी : आणि?

मामा : उडी मारायला निघालेलं शरीर मी थांबवलं. ढग सरला, ऊन आलं, मी कॅमेरा डोळ्याला लावला. आणि त्या पोरानं खाली पाहिलं. तोवर तो समोर बघत होता, रोज बघतो तसा. त्या मिनिटात त्याला खोली दिसली. मी शटर दाबलं. त्यानं उडी मारली, पण पाय आधीच डळमळला होता. पाण्यावर कुशीवर आपटला. होडीवाल्यानं ओढून घेतलं. खांदा दुखावला होता, ओठातून रक्त येत होतं. मला म्हणाला, 'फोटू आया क्या, साब?'

मी : फोटो आला होता?

मामा : सुरेख आला होता. मी काढलेला बहुधा सगळ्यात चांगला. तुझ्या मामीशिवाय कोणालाही दाखवलेला नाही.

मला लगेच काही बोलता आलं नाही. पण जे वाटलं ते बोलून टाकलं.

मी : मामा, ती चूक फोटोची नव्हती. 'रुक' म्हणण्याची होती.

मामा : फोटो हवा नसता तर 'रुक' म्हटलं असतं का मी?

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. उलट माझ्याच पदरातली एक गोष्ट मला आठवली आणि ती लपवणं बरोबर वाटेना.

मी : मग माझंही ऐका. दोन वर्षांपूर्वी पुण्याजवळच्या एका शर्यतीत मी गेटवर डोळे मिटून लाइन म्हणत होते. मधल्या दगडापर्यंत आले होते. कोणीतरी अगदी हँडलच्या खाली बसून फ्लॅश मारला. मिटल्या पापण्यांतून लाल झालं सगळं. पाढा तुटला. पुन्हा सुरू करेपर्यंत स्टार्टरनं पाच म्हटलं. तिसऱ्या वळणावर मी चुकीच्या बाजूनं गेले आणि पडले. गुडघा सोलला, मनगट तीन आठवडे बांधलेलं होतं.

मामा : हे तू तेव्हा फोनवर सांगितलं नव्हतंस. मातीत चाक घसरलं म्हणालीस.

मी : चाक घसरलं, हे खरंच होतं. का घसरलं ते सांगितलं नाही.

मामा : आणि एवढं होऊन तुला तोच फोटो हवा?

मी : हवा. कारण मला त्यातलं काहीच आठवत नाही. आई विचारते, 'भीती नाही का गं वाटत?' मी काय सांगू? खाली आल्यावर वळणं आठवतात, पडणं आठवतं. गेटवरची मी मात्र मला आठवत नाही. बोट शेवटी थांबतं हेसुद्धा मैत्रिणीनं मोबाइलवर केलेल्या चित्रणात पाहिलं, म्हणून ठाऊक. माझे हवेतले फोटो पुष्कळ आहेत, पण त्यांत सायकल असते, मी नसते. मी कशी असते ते मला एकदा बघायचंय. आणि लोकांनीही बघावं. हवेतला फोटो छापून आला की लोक म्हणतात, वेडी पोरं, जिवावर उदार झालीयत. माउंटन बाइकचा क्रॉसकंट्री प्रकार १९९६ पासून ऑलिंपिकमध्ये आहे, आमचा डाउनहिल नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात केरळात पोनमुडीला आशियाई माउंटन बाइक स्पर्धा झाली, हे आपल्याकडे किती जणांना माहीत आहे? लोकांपर्यंत आमचं पोचतं ते उडीपुरतं. गेटवरची मुलगी त्यांनी पाहिली तर कळेल की जिवावर उदार माणूस पाढे म्हणत बसत नाही. जीव प्यारा असतो म्हणूनच ते बोट ब्रेकवरून हलत नाही.

मामा : हे पटलं. पण तुला हवं म्हणून तुझ्या मागच्या रांगेतल्या मुलीलाही हवं, असं नाही.

मी : नाही, मान्य. मी माझ्यापुरतंच बोलू शकते. पण मला एक सांगा, तुम्ही कुस्त्या बघत वाढलात ना? खडाखडी चालू असते तेव्हा नजर वळवता?

मामा : खडाखडी वेगळी.

मी : कशी? दोन पैलवान समोरासमोर, अजून कोणी कोणाला धरलेलं नाही, मनगटं आपटतायत, मान दाबून बघतायत, अंदाज घेतायत. सगळं मैदान श्वास रोखून तेच बघत असतं. तोही आधीचाच क्षण ना? आपल्याकडचं अगदी सुरुवातीचं चित्रीकरण तरी कशाचं? तुम्हीच मला सांगितलंत. १८९९ साली सावे दादांनी, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीच चित्रित केली. त्यांनी खडाखडीला कॅमेरा खाली ठेवला असेल असं वाटतं का तुम्हाला?

मामा हसले. कुस्तीचा विषय निघाला की त्यांचा चेहरा सैल होतो.

मामा : नसेल ठेवला. पण फरक सांगतो. खडाखडी बघणारं मैदान जाणतं असतं. आखाड्याभोवती बसलेल्या म्हाताऱ्यानं कधीकाळी स्वतः लंगोट बांधलेला असतो. त्याला कळतं कुठे ओरडायचं आणि कुठे गप्प बसायचं. तुझ्या हँडलखाली फ्लॅश घेऊन बसलेल्या माणसाला तू पाढा म्हणतेयस हे माहीतच नव्हतं. मलाही त्या पोराचं माहीत नव्हतं, की तो कधीच खाली बघत नाही, म्हणून उडी मारू शकतो. मी त्याच्यासारखा एकदा त्या कड्यावर उभा राहिलो असतो, तर ढग आल्यावर गप्प बसलो असतो.

मी : आता तुम्ही माझ्या वाटेवर आलात! या खेळाची सुरुवात सांगते. कॅलिफोर्नियात फेअरफॅक्स गावाजवळच्या डोंगरात, २१ ऑक्टोबर १९७६ ला काही मित्रांनी पहिली शर्यत लावली. जुन्या जाडजूड सायकली, उलटं पायडल मारून लागणारे ब्रेक. उतारावर ब्रेकचं हब इतकं तापायचं की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. खाली गेल्यावर हब उघडून पुन्हा ग्रीस भरावं लागे. म्हणून त्या उताराचं नावच 'रीपॅक' पडलं. तिथले फोटो आज जगभर बघतात, त्यातले कितीतरी वेंडी क्रॅग या बाईनं काढलेत. आणि ती नुसती फोटोग्राफर नव्हती. त्याच टोळक्यात ती स्वतः सायकल चालवायची, तोच उतार उतरायची. तिला कोणी 'बाहेरची' समजलं असेल असं मला वाटत नाही.

मामा : म्हणजे फोटो काढावा की नाही, हा प्रश्नच नाही म्हणतेस. कोणी काढावा, हा आहे.

मी : कोणी, आणि तिथे किती दिवस उभं राहून.

मामा : मी आता या वयात तुझ्या त्या उतारावरून सायकल चालवणार नाही.

मी : नका चालवू. पायी उतरा माझ्याबरोबर. आदल्या दिवशी लाइन बघायला जाते तेव्हा या. कुठला दगड, कुठलं मूळ, सगळं दाखवते. मग मी गेटवर डोळे मिटले की मी कुठवर पोचलेय ते तुम्हालाही कळेल.

यावर मामा उठून खडकाभोवती एक फेरी मारून आले. परत आले ते अटी घेऊनच.

मामा : ऐक. प्रॅक्टिसचे दोन दिवस मी त्या गेटजवळ उभा राहीन. कॅमेरा गळ्यात, पण डोळ्याला लावणार नाही. तुम्हा सगळ्यांना मी तिथला खांब वाटायला लागलो पाहिजे. फ्लॅश नाही. आवाज नाही. नव्या कॅमेऱ्यांत बिनआवाजाचं शटर असतं, तसला कॅमेरा तू कोणाकडून तरी मिळव. तुझ्या समोर येणार नाही, बाजूनं, लांबून काढीन. आणि मी कोणाला काही म्हणणार नाही. 'थांब' नाही, 'इकडे बघ' नाही, 'शाब्बास'सुद्धा नाही.

मी : मान्य.

मामा : बाकीच्या मुलींना आदल्या संध्याकाळी विचारायचं. गेटवर नाही. गेटवर माणूस कशालाही हो म्हणतो. तो पोरगाही थांबलाच की. आणि जिचा फोटो असेल तिनं तो आधी बघायचा. ती पुसून टाक म्हणाली, तर का म्हणून विचारायचं नाही.

मी : हेही मान्य.

मामा : आणि स्टार्टरनं 'तीस सेकंद' म्हटलं की मी कॅमेरा खाली घेणार.

मी : हे नाही मान्य, मामा! बोट थांबतं ते शेवटच्या पाच सेकंदांत. तोच तर फोटो आहे. तीस सेकंदांना कॅमेरा खाली घेतलात तर तुम्ही खडाखडी अर्ध्यात सोडून मैदानाबाहेर पडल्यासारखं होईल.

मामा : तीस सेकंदांच्या आधीचा पुरेल. दाबणारं, सोडणारं बोट. अस्वस्थता त्यातच आहे. शेवटची पाच सेकंदं तू कोणाचीच नसतेस. ती मला नकोत.

मी : मला हवीत. ती माझी आहेत, तर ती द्यायचा हक्कही माझाच ना?

मामा : हक्क तुझा. हात माझा. त्या पोरानंही मला नाही म्हटलं नव्हतं.

इथे आम्ही अडलो, आणि खरं सांगायचं तर अजून अडलेलेच आहोत. मला अजूनही वाटतं की ज्या क्षणाची कुठेच नोंद नाही, तो त्यातून जाणाऱ्याच्याही हातून निसटतो. तो कोणीतरी प्रेमानं, शांतपणे टिपून ठेवावा. मामांना वाटतं, काही क्षण पाहिले तरी पुरे, ठेवायचे नसतात. पण एका गोष्टीत आता आमचं दुमत नाही. त्या गेटपाशी कॅमेरा घेऊन उभं राहणं हा पास मिळाला म्हणून मिळणारा अधिकार नाही. तो उतार पायाखालून घातलेल्या, त्या मुलीच्या मनातला पाढा ऐकू येणाऱ्या माणसानंच तिथे उभं राहावं. त्याला लेन्स कुठली लावायची हे सांगावं लागणार नाही. जो हे जाणत नाही, त्यानं खाली फिनिशला थांबावं. तिथेही चांगले फोटो मिळतात.

अंधार पडायच्या आत पायऱ्या उतरायला लागलो. मामांचा गुडघा दुखतो, म्हणून मधल्या टप्प्यावर बसलो. तिथे ते अचानक म्हणाले, 'हात पुन्हा दाखव बरं, ब्रेकवर असतात तसे.'

मी हवेतच हँडल धरलं. दोन्ही तर्जन्या पुढे काढल्या. दाबल्या, सोडल्या, दाबल्या, सोडल्या. मामा वाकून बघत होते. त्यांच्या हातात कॅमेरा नव्हता, तरी उजव्या हाताचं बोट शटरवर असावं तसं किंचित वळलं होतं.

'शेवटी थांबतात म्हणालीस. दोन्ही एकदम, की उजवं आधी?'

मी पुन्हा करून पाहिलं. डोळे मिटून पाहिलं. पहिल्या वळणापासून लाइनही म्हणून पाहिली. मला सांगता येईना.

मामा थोडा वेळ वाट बघत बसले. मग खिशातून त्यांची छोटी वही काढली, जिच्यात ते अजून प्रत्येक फोटोचं छिद्र आणि शटरचा वेग लिहून ठेवतात, आणि पायरीवरच्या दिव्याखाली धरून म्हणाले, 'फेब्रुवारीतली कोणती तारीख म्हणालीस?'